हिल्काचे हात

हिल्का राउतिआयनेनच्या खोलीत संत्रं सोलायला मनाई होती. नाताळातसुद्धा. कुणी अत्तर लावून आलं, तर ती दारातच अडवायची. "घरी जा, आंघोळ कर, मग ये."

कुओपिओ शहरातल्या त्या प्रयोगशाळेत छतापासून जमिनीपर्यंत काचेची एक नळी उभी होती. नळीतून हवा अगदी संथ उतरायची, न ढवळता, थरावर थर ठेवल्यासारखी. वरून ओझोन आणि झाडांची वाफ सोडायची. दोन्ही खाली सरकता सरकता एकमेकांत मिसळायची, आणि त्यातून डोळ्यांना न दिसणारे कण जन्मायचे. वर जन्मले तर लवकर जन्मले. खाली जन्मले तर उशिरा. जंगलावरच्या धुक्याचं मूळ ही माणसं त्या नळीत शोधत.

रोज सकाळी नळीचं झाकण काढून पुसायचं आणि झाकणाच्या आतली, हवा बाहेर जाऊ न देणारी पांढरी कडी नव्याने बसवायची, हे हिल्काचं काम. कडी ती उघड्या हातांनी बसवायची. हातमोज्यांतून कडी नीट बसली की नाही ते कळत नाही, असं तिचं म्हणणं. त्याआधी बिनवासाच्या साबणाने ती हात तीनतीनदा धुवायची. तिच्या हातांवर सगळ्यांचा भरवसा होता.

घरी आर्मास होता, तिचा नवरा. उभं आयुष्य त्याने ओंडक्यांचे ट्रक चालवले. आता त्याची फुप्फुसं थकली होती. दवाखान्यात जायला तो तयार नव्हता. पहाटे त्याला श्वास पुरायचा नाही. मग हिल्का त्याच्या छातीला पाइनच्या राळेचं मलम चोळायची. त्याच्या आईच्या हातचं औषध. त्याने बरं कुणी होत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण त्याला तासभर झोप लागायची.

"अगं, मी काय जुनी होडी आहे, डांबर फासायला?" तो म्हणायचा.

"होडी असतास तर केव्हाच विकली असती. हात वर कर."

त्या हिवाळ्यात एलीच्या प्रयोगात काहीतरी वेगळं दिसू लागलं. एली तिशीच्या आतला, डॉक्टरेटच्या शेवटच्या वर्षाला. बर्च झाडाच्या पानांची वाफ तो नळीत सोडायचा. कण खालच्या टोकाला यायला हवेत. ते अगदी वर येत होते, जिथे काहीच घडायला नको तिथे. सकाळी पुष्कळ, दुपारपर्यंत विरळ. वाफ बंद करून नुसती हवा सोडायची चाचणी दुपारी घ्यायची, अशी तिथली जुनी रीत. त्या चाचणीत नळी स्वच्छ निघायची. म्हणजे कण खरे. एलीने सगळा प्रबंध त्यांच्यावर उभा केला आणि परीक्षकांकडे पाठवलाही.

"हिल्का, माझ्या डॉक्टरेटच्या पार्टीत तू माझ्या शेजारी बसायचंस."

"आधी पास तर हो."

फेब्रुवारीत आर्मास गेला. जमीन इतकी गोठली होती की खड्डा खणायला यंत्र आणावं लागलं. आठवडाभराने हिल्का कामावर आली. तिने हात धुतले, कडी बसवली.

वरचे कण आले नाहीत.

दुसऱ्या दिवशीही नाहीत. एलीने वाफेच्या बारीक नळ्या बदलल्या, ओझोन तपासला. मग एक दिवस तो ओरडलाच. "तू नेमकं काय वेगळं करतेयस? सांग ना!"

"काही नाही," ती म्हणाली. तिला खरोखरच माहीत नव्हतं.

त्या रविवारी तिने आर्मासचे सदरे गाठोड्यात बांधायला काढले. सदऱ्यांना राळेचा वास होता, घशात बसेल इतका. इतके महिने तिला तो जाणवलाच नव्हता. नाक सरावलं होतं. राळ म्हणजेसुद्धा झाडाचीच वाफ. तिने स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं आणि ती पलंगावर बसली.

गप्प राहिली असती, तर कुणाला कधी कळलं नसतं. आकडे आधीच घेऊन झाले होते. एली डॉक्टर झाला असता.

सोमवारी ती मलमाची डबी घेऊन गेली. बोटभर मलम तळव्यांना चोळलं. हात तीनदा धुतले. कडी बसवली.

"एली, आज वाफ सोडू नकोस. नुसती हवा आणि ओझोन."

"सकाळी? कशाला?"

"सोड म्हणते ना."

आकडा हलला. मग भराभर चढू लागला.

"आले!" एली ताडकन उठला. मग थांबला. "पण वाफ तर बंद आहे. मग हे कुठून?"

हिल्काने दोन्ही तळवे त्याच्यापुढे धरले. त्याने वास घेतला. डबी पाहिली.

"सांगायलाच हवं होतं का तुला?"

"हो."

"अख्खा प्रबंध गेला माझा, हिल्का."

"माहीत आहे."

त्याने यंत्र बंद करायला हात पुढे केला. ती म्हणाली, "राहू दे. संपेपर्यंत चालू दे."

ती स्टुलावर बसून राहिली. पडद्यावर आकडा होता. तो तिच्या पहाटांचा होता, आर्मासच्या छातीचा होता, आणि तो चूक होता. थोड्या वेळाने एलीही शेजारी स्टूल ओढून बसला.

"शेवटी त्याला फार त्रास झाला?"

"झाला."

एवढं विचारणारा प्रयोगशाळेत तो पहिलाच. इतरांनी फुलं पाठवली होती.

दुपारी आकडा शून्यावर आला. एलीने परीक्षकांना फोन केला आणि प्रबंध परत मागवला. मग तो झाकणापाशी जाऊन उभा राहिला, तिच्याकडे पाठ करून.

"उद्यापासून कडी मी बसवतो," तो म्हणाला.

आवाजात राग नव्हता. म्हणूनच तिला ते जास्त लागलं. तिने मान हलवली, आणि कडी बसवताना अंगठा कुठे टेकवायचा ते त्याला दाखवायला ती उठली.