लाल पट्टीचा बाक

क्लास काढण्याआधी मी अकरा वर्षं चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होतो. आलेला पीस गेजवर, म्हणजे ठरलेल्या मापाच्या साच्यावर, लावून बघायचा. बसला तर हिरव्या पेटीत, नाही बसला तर लाल पेटीत. लाल पेटीतल्या मालाकडे सहसा पुन्हा कुणी बघत नाही. पुढे कंपनीनं मलाच काढलं, तेव्हा माझ्याकडेही कुणी वळून बघितलं नाही. तो राग घेऊन मी चऱ्होलीत दोन खोल्यांचा क्लास सुरू केला.

इथंही पेट्याच केल्या. पुढच्या बाकांना हिरवी चिकटपट्टी, मागच्या बाकाला लाल. पीस गेजमध्ये थोडासा बसला असं काही नसतं, म्हणून चाचणीत वीसपैकी वीस, नाहीतर लाल पट्टी. पालक खूश होते. बहुतेक जण कंपनीतलेच, त्यांना ही भाषा लगेच कळायची.

नववीला वास्तव संख्या शिकवताना तर मला चेवच यायचा. प्रत्येक संख्येला तिची जागा दाखवायची: ही नैसर्गिक, ही पूर्णांक, ही परिमेय, ही अपरिमेय. दोन परिमेय संख्यांची बेरीज परिमेयच येते, परिमेयात अपरिमेय मिसळली की सगळं अपरिमेय होतं. हे शेवटचं सांगताना मी मुद्दाम लाल पट्टीच्या बाकाकडे बघायचो आणि पुढची पोरं फिदीफिदी हसायची. मला ते हसू आवडायचं, खोटं कशाला बोलू.

त्या बाकावर एक मुलगी होती. आई परभणीकडची, चाकणला पॅकिंगच्या लाइनवर. मुलीला डिप्लोमाला घालायची आईची तयारी होती, पण सहामाहीपर्यंत लाल पट्टी सुटली पाहिजे, नाहीतर दहावीनंतर आईबरोबर लाइनवर. हे मला मुलीनंच सांगितलं होतं, मोठ्या विश्वासानं.

सहामाहीआधीची शेवटची चाचणी संख्यांच्या वर्गीकरणाची होती. तिची एकोणीस उत्तरं बरोबर होती. बावीस सप्तमांश मात्र तिनं परिमेयच्या रकान्यात लिहिला होता आणि माझ्या उत्तरसूचीत तो अपरिमेय होता. शाळेत आणि पुढे कंपनीतही आम्ही पाय म्हणजे बावीस सप्तमांश असंच धरून हिशेब केलेले. पाय अपरिमेय, म्हणजे हाही अपरिमेय. याच्यापुढे मी कधी विचारच केला नव्हता.

ती उभी राहिली. "सर, वर पूर्णांक आहे, खाली पूर्णांक आहे. मग परिमेयच ना?"

मला उलट बोललेलं खपत नाही. "या, बाईसाहेब," मी म्हणालो, "फळ्यावर या. भागा बावीसला सातनं. संपेपर्यंत भागा. संपलं की हिरवी पट्टी."

पोरं हसायला लागली. ती भागत राहिली. तीन पूर्णांक, मग एक, चार, दोन, आठ, पाच, सात. तिथं तिचा खडू थांबला.

"सर, बाकी परत एक आली. आता हेच आकडे परत परत येणार. आवर्ती आहे हा."

आवर्ती असेल तर संख्या परिमेय, हे मीच आदल्या आठवड्यात शिकवलं होतं. बावीस सप्तमांश पायच्या जवळचा आहे, पाय नव्हे. पोरगी बरोबर होती. माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. मी डस्टर घेतलं आणि फळा पुसला.

"संपलं नाही ना? मग जाऊन बस जागेवर."

ती रडेल म्हणून मी वाट बघत होतो. ती रडली नाही, याचासुद्धा मला राग आला.

तिसऱ्या दिवशी तिची आई पहिली शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या कपड्यांतच आली. मुलगी दारात थांबली.

"सर, एकच इचारते. पोरगी म्हणती, माझं बरोबर हाय. वहीत भागून दाखवलं मला, पर मला काय कळतंय त्यातलं? तुमी सांगताल तेच खरं. चुकलंय का तिचं?"

तिनं वही माझ्यापुढे धरली. उघडायची गरजच नव्हती.

गेज वापरून वापरून घासतं. घासलेलं सापडलं की त्या गेजनं नाकारलेला सगळा माल लाल पेटीतून काढून पुन्हा तपासायचा, असा क्वालिटीतला नियम होता. नवीन लोकांना तो मीच शिकवायचो.

"चुकलंय," मी म्हणालो.

"मग ऱ्हाऊ द्या ते डिप्लोमाचं," म्हणत आईनं वही पिशवीत घातली. मुलगी दारातली चप्पल पायात घालून आईच्या पुढे चालायला लागली.

त्याच संध्याकाळी मी उत्तरसूची दुरुस्त केली. आता दरवर्षी त्या मुलीचाच भागाकार फळ्यावर करून दाखवतो आणि बाकी परत एक आली की तिच्यासारखाच खडू थांबवतो. पुढच्या बाकावरची पोरं म्हणतात, सर, तुम्ही किती सोपं करून सांगता.