काळजीची वेळ

आमच्या दादाच्या पायाला भिंगरी आहे. सोफे-खुर्च्या दुरुस्त करतो, लोकांना मऊ बसायला मिळावं म्हणून उभा जन्म घालवला, पण स्वतः कधी धड टेकला नाही. जेवतानाही अर्धं लक्ष खाली दुकानात. फाटलेलं दिसलं की वरून नवं कापड ताणायचं आणि खिळे ठोकायचे, हा त्याचा धंदा आणि हाच स्वभाव.

वहिनीला कॅन्सर निघाला तेव्हाही त्याने तेच केलं. ऑपरेशन, केमो, सगळ्या धावपळीत हा पुढे. पण ती भीतीचं काही बोलायला गेली की "तुला काही होत नाही" म्हणून मोकळा, वर एखादा विनोद. वहिनी हसायची, मग स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहायची. मी त्याची सख्खी बहीण, त्याच घरात राहते. मला सगळं दिसायचं आणि चीड यायची.

उपचार संपल्यावर नर्सने वहिनीच्या फोनवर एक कोर्स घालून दिला. आजारपणात आपलं मन आपणच कसं सांभाळायचं, हे त्यात रोज थोडं थोडं शिकवत. एक धडा असा, की दिवसभर काळजी करत बसू नका, तिला वेळ ठरवून द्या. भलत्या वेळी आली तर सांगा, संध्याकाळी ये. संध्याकाळी मात्र तिला टाळू नका. आम्ही दोघी खूप हसलो. काळजी म्हणजे काय प्लंबर आहे, वेळ देऊन बोलवायला? पण वहिनीला ते मानवलं. संध्याकाळी फोन घेऊन खिडकीशी बसायची, पुटपुटायची, कधी रडायची आणि उठून भाजी चिरायला घ्यायची. उरलेला दिवस तिचा असायचा.

दादाला हे बघवेना. बायको रोज ठरवून रडते म्हणजे काय? नेमका त्याच वेळी तो वर यायचा. चहा टाक, हे कापड बघ, चल फिरून येऊ. त्याच्या येरझारांनी माझंच डोकं गरगरायचं. पुढची तपासणी जवळ आली तसं वहिनीचं खिडकीशी बसणं वाढलं, आणि या शहाण्याने तिच्या फोनमधून कोर्सच काढून टाकला. आजार रेड्याला आणि औषध पखालीला!

संध्याकाळी वहिनी फोन चाळत राहिली. तिचा चेहरा उतरला. दादा हातोडी घेऊनच वर आला होता. लपवाछपवी त्याला कधी जमलीच नाही. रोज जुनं उकरत बसतेस म्हणून काढलं, म्हणाला.

मला वाटलं, आता भडका उडणार. पण वहिनी शांतपणे म्हणाली, "फोनमधून काढलंत. माझ्या डोक्यातून काढता येतंय का बघा."

दादाने पडदा सरळ केला, नळ घट्ट केला, दारापर्यंत जाऊन परत आला.

"बसा," वहिनी म्हणाली. "कोर्स मी उद्या नर्सकडून परत घालून घेईन. आज तुम्ही ऐका. हसवायचं नाही, उठायचं नाही."

तो स्टुलाच्या कडेवर टेकला.

"तपासणीत परत निघालं तर?" वहिनीने विचारलं.

काही निघत नाही, हे त्याच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. त्याने ते गिळलं. गुडघा सारखा हलत होता. मग म्हणाला, "तर परत जाऊ. पण मला फार भीती वाटते गं. तू तिथे आत असलीस की मला बाहेर बसवत नाही."

वहिनी त्याच्याकडे बघतच राहिली. "मला वाटायचं," ती म्हणाली, "तुम्हाला माझ्या आजाराचा कंटाळा आलाय."

दादाने हातोडी जमिनीवर ठेवली आणि बोलायला लागला. ऑपरेशनच्या दिवसापासूनचं सगळं साचलेलं. खाली कुणी गिऱ्हाईक हाका मारमारून शेवटी निघून गेलं. दादा जागचा हलला नाही.