दिल्याघेतल्याचं इंग्रजी

भोर संस्थानात इंग्रजी येणारे पुष्कळ होते. पण इंग्रजीतला एकच शब्द धरून त्याचं सगळं गणगोत पाठ करणारा आणि उरलेली भाषा बिनकामाची मानणारा माणूस एकच होता. तो म्हणजे आमच्या शिलाईच्या दुकानाच्या मालकांचे मेहुणे. सगळं दुकान त्यांना मामा म्हणे, म्हणून मीही म्हणत असे. तो शब्द होता ‘गिफ्ट’. पाण्याला, भाकरीला, बैलाला इंग्रजीत काय म्हणतात हे मामांना ठाऊक नव्हतं. पण गिफ्ट, प्रेझेंट, डोनेशन, रिवॉर्ड, टिप, ऑफरिंग, चॅरिटी ही नावं त्यांच्या जिभेवर नाचत. दरबारात ते जमादार होते. गोरे पाहुणे आले की नजराण्याचं तबक धरून उभं राहायचं, हे त्यांचं काम. उभ्या उभ्या कानांवर पडलं ते त्यांनी उचललं आणि त्याला अशी शिस्त लावली, की सोवळ्याओवळ्याला नसेल. बरोबरीच्याला द्यायचं ते प्रेझेंट, धाकट्याला गिफ्ट, देवाला ऑफरिंग, कामगिरीला रिवॉर्ड, हमालाला टिप, भिकाऱ्याला चॅरिटी. एकाचं नाव दुसऱ्याला लावलं तर देणाऱ्याचं पुण्य जातं आणि घेणाऱ्याची अब्रू, असं त्यांचं ठाम मत. एकदा एका गोऱ्या पाहुण्यानं निघताना त्यांच्या हातावर छोटा चाकू ठेवला, तर मूठ न मिटता मामांनी विचारलं, “टिप ऑर रिवॉर्ड, सर?” साहेब आधी गोंधळला, मग हसून म्हणाला, “रिवॉर्ड.” तेव्हा कुठं मूठ मिटली.

नोकरी सुटली तरी ही खोड सुटली नाही. बाजारात भाजीवालीनं जुडीवर चार काड्या जास्त टाकल्या, की मामा पिशवी मागं ओढत. “मावशे, ही गिफ्ट का टिप?” ती म्हणे, “कोथमीर हाय ती, मामा. घ्याची तर घ्या, न्हाईतर ठिवा खाली. म्हागं मानसं खोळंबल्यात.” देवळात गुरवाच्या हातावर ते दोन सुपाऱ्या वेगवेगळ्या ठेवत. “ही देवाची ऑफरिंग. आन् ही तुजी टिप.” गुरव दोन्ही एकाच कनवटीला लावी, आणि मामा घर येईपर्यंत हळहळत, “मिसळल्या रं, दोनी मिसळल्या!”

मला याचं हसू यायला हवं होतं. पण मला धडकी भरे. कारण त्या दुकानात नुसता घेणारा मी एकटाच होतो. माझं गाव लांब, खानदेशात तापीकाठी. मराठी पाचवीतून शाळा सुटली आणि ओळखीच्या ओळखीनं मी भोरला काजं-बटणं करायला येऊन पडलो. निजायला दुकानाची फळी, संध्याकाळची भाकरी मामांच्या घरची. मामी मायेनं कालवण वाढायच्या आणि मी मान खाली घालून विचार करायचो, की मामांच्या शास्त्रात ही भाकरी कोणती? विचारायची छाती नव्हती. ते दुसऱ्यानंच विचारलं. हायस्कुलातले एक मास्तर कोटाचं माप द्यायला आले होते. मामांची फिरकी घेणं ही त्यांची करमणूक. मी पाठमोरा बसून काज करत होतो. “काय मामा, या खानदेशाला रोज जेवू घालता, त्याला तुमच्या इंग्रजीत काय म्हणायचं?” मामांना खोटं बोलता येत नसे. त्यांनी डोळे मिटले, सगळं गणगोत मनात फिरवलं आणि म्हणाले, “चॅरिटी.” गिऱ्हाइकं हसली. माझ्या बोटात सुई गेली. बरंच झालं, डोळ्यांत पाणी यायला निमित्त मिळालं.

त्या दिवसापासून मी फुटाण्यांवर भागवू लागलो. मामा संध्याकाळी दुकानाच्या पायरीशी येऊन उभे राहत. “खानदेश, जेवाया का येत न्हाईस? मामी इचारतीय.”

“भूक नाही, मामा.”

“रोजच्या रोज न्हाई?” ते जरा वेळ घुटमळत. एकदा जाता जाता म्हणाले, “शब्द बराबर व्हता की रं.” पण आवाजात जोर नव्हता.

पुढं मालकांच्या मुलीचं लग्न मार्गासनीला लागलं. तिकडं आहेर मांडवात मोठ्यानं पुकारायची चाल. कुणी काय दिलं ते सगळ्या गावानं ऐकायचं. दुकानातल्या झाडून साऱ्या कारागिरांनी काही ना काही आणलं होतं. माझे हात रिकामे. ज्यांच्या दुकानात निजतो, त्यांच्या लेकीच्या लग्नात आपलं नाव निघणार नाही आणि सगळे वळून आपल्याकडं बघणार, या भीतीनं मी मांडवामागं पाण्याच्या पिंपांपाशी जाऊन बसलो. पुकारणारे अर्थात मामाच. धोतर आलं, “प्रेझेंट, पावलं होऽ!” लुगडं आलं, “गिफ्ट, पावलं होऽ!” एकेक कारागीर संपत आला. मी कान झाकून घेणार, तेवढ्यात मामा दुप्पट आवाजात ओरडले, “आमच्या खानदेशवाल्यांचा आहेर, नवरदेवाला जरीचा पटका! प्रेझेंट, पावला होऽ!”

मी उठून बघितलं. मामांच्या हातात पटका होता आणि डोकं उघडं. नोकरीतून निघताना दरबारानं त्यांच्या डोक्यावर बांधलेला तो पटका भोरात पोरासोरांच्याही ओळखीचा होता. मांडवात खसखस पिकली. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. भोरहून आलेले मास्तर म्हणाले, “मामा, अहो पटका तर तुमचा!”

“व्हता. सकाळच्याला म्या त्याला दिला.”

सकाळी मामांनी मला काही दिलं नव्हतं. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं खोटं.

“असं? मग कोणत्या नावानं दिलात?”

मामांनी डोळे मिटले. पुष्कळ वेळ मिटलेले राहिले. वाजंत्रीवालेसुद्धा थांबून बघू लागले. मग डोळे उघडून ते म्हणाले, “न्हाई घावत.” आणि लगेच खेकसले, “फुडला आहेर आना की! काय बगताय?”

परतताना बायका गाडीत आणि आम्ही पायी. त्या काळी वडीलधाऱ्यानं बोडक्यानं रस्त्याला लागणं म्हणजे घरात कुणी गेल्याची खूण. शेतातली माणसं औत थांबवून विचारत, “कोन गेलं वं, मामा?” मामा शांतपणे सांगत, “कुनी न्हाई, भाचीचं लगीन झालं.” दर वेळी माझी मान आणखी खाली जाई. मला त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण मराठीतलाही शब्द सुचेना. शेवटी मी माझी टोपी काढली आणि खिशात घातली. पुढं एका बांधावर म्हशीमागं उभी असलेली म्हातारी आम्हाला बघून कळवळली, “आगं बया! बापल्योक दोगंबी बोडकं! कोन गेलं वं?”

मामांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं. बापलेक नव्हे, असं ते म्हणाले नाहीत.

“टोपी घाल,” एवढंच म्हणाले. “ऊन लागंल.”

ऊन लागतच होतं. पण वाटेवरचं नसरापूर येईपर्यंत मी टोपी घातली नाही, आणि मामांनीही पुन्हा सांगितलं नाही.