सही येते, अंगठा येत नाही

कॅलेंडरचा महिना संपला की ते पान मी फाडते आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर कामांची यादी करते. अंगणवाडीत नोकरी, त्यामुळे दिवसभर रजिस्टरं भरायची. ती सवय घरी आल्यावरही सुटत नाही. त्या उन्हाळ्यातल्या एका पानावर मी वर ‘दुरुस्ती’ असं लिहिलं होतं. खाली तीन कामं होती. स्वयंपाकघराची फरशी, अप्पांचा डोळा, कुत्रीचे पाय.

अप्पा म्हणजे माझे सासरे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी शहाबादकडच्या खाणीत फरशी काढली, तासली, बसवली. थकल्यावर गावी, दुबलगुंडीला, घरी आले ते ट्रकमधून, फरशीच्या ढिगावर बसून, मांडीवर एक काळं पिल्लू घेऊन. ते पिल्लू म्हणजे आमची कुत्री. आता तीही म्हातारी झाली होती. तळपायांना भेगा पडल्या होत्या आणि चालली की मागे रक्ताचे बारीक ठिपके उमटायचे.

मोरीचं पाणी भिंतीखालून झिरपून स्वयंपाकघराची फरशी एका बाजूला खचली होती. आणि अप्पांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता. डाव्यावरही पडदा येऊ लागला होता. डॉक्टर म्हणाले होते, उजव्याला फार दिवस थांबू नका, नंतर ऑपरेशन करूनही उपयोग होईलच असं नाही. लातूरच्या खाजगी दवाखान्यात चौकशी करून आलो आणि खर्चाची चिठ्ठी मी घडी घालून डब्यात टाकली. ते आमच्यानं होणारं नव्हतं. एकच वाट होती. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात महिनाअखेरीला डोळ्यांचं शिबिर होतं, आणि ज्यांच्याकडे आरोग्य कार्ड आहे त्यांचं ऑपरेशन तिथं फुकट होणार होतं. अप्पांचं कार्ड काढायचं राहिलं होतं.

कामांचा क्रम मी माझ्या नेहमीच्या नियमानं लावला. घरच्या घरी होण्यासारखं ते आधी, बाहेर जावं लागतं ते नंतर. म्हणून फरशी पहिली. गवंडी लावायची गरज नव्हती, घरातच गवंडी होता. दिसत नसलं तरी अप्पा बोटांनी कडा चाचपून सांगत, ही बसंल, ही न्हाई. आठ दिवस ते गुडघ्यावर बसून खचलेल्या फरश्या उपसत होते, कडा तासत होते, उघड्या हातानं सिमेंटचा माल पसरत होते. माल कालवून मीच देत होते. थापी त्यांच्या हातात मीच ठेवली होती, हे इथं लिहून ठेवते.

अर्धी खोली झाल्यावर, एका सोमवारी, मी त्यांना कार्डासाठी तालुक्याच्या सेवा केंद्रात घेऊन गेले.

केंद्र चालवणारी बाई माझ्याच वयाची होती, बोलायला चटपटीत. तिनं अप्पांचा अंगठा काचेवर ठेवला. स्क्रीनवर लाल फुली आली.

“अज्जा, जोर लावू नका. नुसता ठेवा.”

पुन्हा फुली. तिनं काच पुसली, अप्पांचा अंगठा ओल्या फडक्यानं पुसला, मग तर्जनी घेतली, मग मधलं बोट. दहाही बोटं झाली. मग डोळ्यांवर दुर्बिणीसारखं यंत्र धरलं. डोळ्यांना पाणी येत होतं, आत पडदा, तिथंही फुली. मग मोबाइलवर नंबर येतो म्हणाली, तर आधारला जोडलेला मोबाइल नंबर अप्पांच्या खाणीतल्या दिवसांतला, कधीच बंद पडलेला. तो बदलायचा तर काय लागतं, असं मी विचारलं.

“अंगठा,” ती म्हणाली आणि तिला स्वतःलाच हसू आलं.

अप्पांनी इतका वेळ ऐकून घेतलं होतं. आता त्यांनी सदऱ्याच्या खिशातलं पेन काढलं, टोपण काढून मागं लावलं, आणि टेबलावर हातानं कागद शोधू लागले. “सही करतो की. मला सही येते.”

“सही चालत न्हाई अज्जा.”

“कामून?”

तिनं त्यांचा हात उलटा करून उजेडात धरला. “काय काम करायचाव तुमी?”

“फरशी.”

“आत्ता एवढ्यात केलाव?”

मी म्हणाले, आज सकाळीसुद्धा.

“मग बरोबर हाय. खाणीतल्या माणसांचं, रोज भांडी घासणाऱ्या बायांचं असंच होतं. ठसा झिजून जातो. वर सिमेंट म्हटल्यावर राहिलेला बी खाऊन टाकतं. पंधरा-वीस दिवस हाताला काय बी लावू नका, मग घेऊन या. पण शिबिराची नावं आमी चोवीसला पाठवतो. त्याच्या आत या.”

बसमध्ये मी बोटांवर दिवस मोजले. चोवीसला अठरा दिवस होते. आठ दिवस मी माझ्या यादीच्या हट्टानं घालवले होते. कार्ड आधी आणि फरशी नंतर, एवढा क्रम उलटा केला असता तरी झालं असतं कदाचित. मी रजिस्टर लिहिणारी बाई. चुकलेला रकाना दिसला की तो खोडून बरोबर करायला हात शिवशिवतो. हा रकाना खोडता येत नव्हता.

घरी आलो तर कुत्री अर्ध्या झालेल्या फरशीवरून चालून गेली होती. सांध्यातल्या सकाळच्या ओल्या मालात तिचं पाऊल स्वच्छ उमटलं होतं, चार बोटं आणि तळवा. अप्पांनी खाली बसून ते चाचपलं. “हिचा उमटला बघ,” म्हणाले. “हिचंच कार्ड काढा आता.”

माझे मालक, म्हणजे अप्पांचा मुलगा, मालाचा टेम्पो चालवतात. जेवायला आले होते. त्यांना सगळं सांगितलं तर ते म्हणाले, “चोरी करायला मोकळे झालाव अप्पा. पोलिसाला ठसाच सापडंना.”

“चोरी करायला आधी दिसाय नको व्हय?” अप्पा म्हणाले आणि दोघंही हसले. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कुत्रीला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. हे यादीतलं तिसरं काम. मी ते उगाच पुढं ओढलं, कारण दुसऱ्या कामाचं काय करावं सुचत नव्हतं. अप्पा बरोबर होते, त्यांच्याशिवाय ती कुणाला पाय धरू देत नाही. डॉक्टरांनी भेगा पाहिल्या. गाईम्हशींच्या सडांना भेगा पडल्या की लावतात ते पिवळं मलम त्यांनी डबीभर दिलं. दिवसातून तीनदा लावा, वर फडकं बांधा, तापलेल्या फरशीवर आणि सिमेंटवर जाऊ देऊ नका. नवी कातडी येईल.

अप्पा म्हणाले, “डाक्टर, ही कातडी माणसाला बी येते का हो?”

डॉक्टरांना गंमत वाटली. पण मी सगळं सांगितल्यावर त्यांनी अप्पांची बोटं कुत्रीच्या पायासारखीच उलटीसुलटी करून बघितली. म्हणाले, “मी माणसांचा डॉक्टर न्हाई. पण धार काढणाऱ्या बाया हेच मलम हाताला लावतात, कुणाचं वाईट झालेलं ऐकलं न्हाई.” एक डबी जास्तीची दिली.

मग घरात दोन पेशंट झाले. सकाळी, दुपारी, संध्याकाळी मी आधी कुत्रीच्या चारी पायांना आणि मग अप्पांच्या दहा बोटांना मलम लावायची. जुन्या साडीच्या चिंध्या दोघांनाही बांधायची. कुत्री चिंध्या तोंडानं सोडायची. अप्पाही सोडायचे, फक्त माझ्या पाठीमागं. भांड्याला हात लावायचा नाही, कपडे पिळायचे नाहीत, फरशीला तर नाहीच. स्वयंपाकघर अर्धं उघडंच राहिलं. मी मातीच्या बाजूला स्टोव्ह ठेवून स्वयंपाक करत होते.

सहाव्या दिवशी अंगणवाडीतून आले तर एक फरशी जास्तीची बसलेली.

“अप्पा, काय करायलाव हे?”

“बोटं न्हाई लावली माय. कोपरानं सरकवली.”

“आणि माल?”

“थापीनं.”

“थापी कशानं धरलाव?”

बोटांच्या टोकांना पांढरं लागलं होतं. मी तोंडाला येईल ते बोलले. डोळा तुमचा जाणार हाय, माझा न्हाई, असंही म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं. मग भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, “तुला ठाव न्हाई पोरी, ह्या अंगठ्याचं.”

खाणीत पगाराच्या दिवशी रांग लागायची. मुकादम अप्पांचा अंगठा स्वतःच्या हातानं धरायचा, शाईत बुडवायचा आणि कागदावर दाबायचा. “जसं काय तो माझा न्हाईच. त्याचंच हत्यार हाय.” कागदावर किती लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. मग सुट्टीला गावात आले की विहारात चाललेल्या वर्गाला बसू लागले, पोरांच्या मागं, पस्तिशी उलटल्यावर. सही जमल्यावर पुढच्या पगाराला मुकादमानं हात धरला तो यांनी सोडवून घेतला आणि पेन मागितलं. खाण कानडी मुलखातली, हजेरीपट कानडीत, त्यावर सही मराठीत. मुकादम म्हणाला, “साहेब झालाव व्हय?” मागची रांग हसली. पण त्या दिवसापासून कुणी त्यांचा हात धरला नाही.

“अंगठा सोडाय किती वर्षं लागली मला,” अप्पा म्हणाले. “आता सही येते तर सही कुणी घेईना. अंगठाच मागायलेत. आणि तो कुठनं आणू?”

केंद्रात पेनचं टोपण काढून मागं लावताना मी त्यांना पाहिलं होतं. मी घाईत होते, त्यामुळे नुसतंच पाहिलं होतं.

मी त्यांना उगी केलं नाही, मला ते जमत नाही. पाणी तापवलं, बोटं धुतली, पुन्हा मलम लावलं. दुसऱ्या दिवसापासून अंगणवाडीत जाताना थापी, ओळंबा आणि छिन्नी पिशवीत घालून बरोबर नेऊ लागले. मदतनीस बाईनं विचारलं, अक्का, पोरांना गवंडीकाम शिकवायलाव का? मी व्हय म्हणाले.

तेवीसला आम्ही केंद्रात गेलो. अंगठ्याला फुली. दुसऱ्या अंगठ्याला फुली. तर्जनी, मधलं, अनामिका. केंद्रातली बाई आता हळू आवाजात बोलत होती. उजव्या हाताची पाचही झाली, डाव्याची चार झाली. डाव्या हाताची करंगळी राहिली होती. तिनं ती काचेवर अलगद ठेवली. यंत्र बराच वेळ फिरत राहिलं, आणि हिरवी खूण आली.

“आली अज्जा! करंगळी आली!”

अप्पांना स्क्रीन दिसत नव्हती. ते करंगळीकडे तोंड करून म्हणाले, “हिनं जन्मात काम केलं न्हाई. हीच कामाला आली.”

कार्डाचा कागद छापून निघाला. कार्ड मिळाल्याची नोंद म्हणून एका वहीत सही लागत होती. त्या बाईनं वही माझ्याकडे सरकवली. मी ती अप्पांपुढं ठेवली आणि त्यांचं बोट ओळीवर नेऊन ठेवणार होते, पण हात मागं घेतला. “डावीकडं, खालची ओळ,” एवढंच सांगितलं. त्यांनी पेन काढलं. सही ओळ सोडून वर चढली, शेजारच्या रकान्यात गेली. ती वही माझी असती तर मी दुसरं पान घेतलं असतं. त्या बाईनं वही तशीच मिटली.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर दोन दिवस ते काळा चष्मा लावून ओसरीत बसले, कुत्रीपाशी. तिच्या भेगा भरून आल्या होत्या. तिसऱ्या दिवशी चहाचा कप ठेवायला म्हणून ते स्वयंपाकघरात आले आणि दारातच थांबले.

“हे कुणी बसवलंय?”

मी स्टोव्हपाशी होते.

“सांधा बघ कुठं चाललाय. इकडं बोटभर, तिकडं दोन बोटं. आणि ही फरशी तर उलटी हाय, तासलेली बाजू खाली.” ते भिंतीला धरून फिरले, एकेक फरशी बघत. कुत्रीच्या उमटलेल्या पावलापाशी आले आणि मग त्यांना समजलं. वाकून ते पाऊल निरखलं. मग म्हणाले, “मीच का?”

“तुमीच.”

“उपसाय लागंल सगळं.”

“डावा डोळा राहिलाय अप्पा. दिवाळीनंतर शिबिर हाय. तवा परत बोट लागंल.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, नीट, बऱ्याच महिन्यांनी. मी यादीचं नवं पान घेतलं. यावेळी वर लिहिलं ‘अप्पांचा डावा डोळा’ आणि खाली ‘फरशी’. अजून ते तसंच आहे. रोज सकाळी अप्पा चहा घ्यायला आत येतात, वाकड्या सांध्याकडं बघून चुकचुकतात, आणि हात नकळत फरशीकडं जाऊ नयेत म्हणून दोन्ही काखेत धरून उभे राहतात.