हिंमतरावांची घरपोच पेटी

धनुबाईने पेटीचं झाकण उचललं आणि नाकाला पदर लावला. शी! वरच्या थरात चकचकीत वांगी, कुणी तेल लावून पुसलीत म्हणावं, आणि खाली सगळा लगदा. पिचकलेल्या टमाट्यांचं पाणी मेथीत उतरलेलं आणि त्या चिखलात अळ्या वळवळतायत.

शहाद्याच्या बन्सीलालने त्या वर्षी, म्हणजे एकसष्ट साली, हे नवं खूळ काढलं होतं. भाजी आणि किराणा एकाच पेटीत भरायचा आणि बाजाराच्या दिवशी एस.टी.च्या टपावरून यांच्या गावाला, प्रकाशाला, धाडायचा. दुसऱ्या एका दुकानदाराचा माणूसही ओट्यावर येऊन गेला होता, पण त्याच्याकडे पेटी नव्हती, साधी गोणी होती. धनुबाईच्या नवऱ्याने, हिंमतरावांनी, पेटी पसंत केली. का, तर पेटीवर निळ्या रंगात त्यांचं नाव आडनावासकट लिहून येणार होतं! आतल्या भाजीचा वासही घेतला नाही माणसाने. नाव दिसलं आणि गडी विरघळला.

पेटी आली की ती तासभर ओट्यावरच ठेवायची, असा हुकूम होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसली पाहिजे ना! भाजी उन्हात उकडून जाईना का.

धनुबाईला त्या नावाची शिसारी आली होती. पण तिचं खरं दुखणं भाजीचं नव्हतंच. पेटी यायला लागली तशी रेवाबाईची पाटी बंद झाली होती. रेवाबाई कळसाडीकडून भाजी घेऊन यायची, आणि कळसाडीला धनुबाईची एकुलती एक लेक, मीना, दिली होती. मोठ्या घरच्या बाईने बाजारात पाऊल टाकायचं नाही, लेकीच्या घरी बोलावल्याशिवाय जायचं नाही. म्हणजे रेवाबाई हाच काय तो दोघींमधला रस्ता.

मीनाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, पण कूस उजवली नव्हती. सासू आता उघड उघड सवतीची भाषा बोलायला लागली होती. आणि दिवस गेले तरी तीन महिने भरेपर्यंत ते तोंडाने बोलायचं नाही, नजर लागते, ही त्यांच्याकडची रीत. म्हणून मायलेकींनी आपसात ठरवलं होतं. मीना रेवाबाईजवळ मेथीची एक जुडी द्यायची, आपल्या लुगड्याच्या चिंधीने बांधून. हिरवी चिंधी म्हणजे सगळं होतं तसंच. लाल आली, तर देव पावला. धनुबाई ती जुडी सोडायची, चिंधी कनवटीला लावायची आणि पुन्हा वाट बघायला लागायची. आजवर एकदाही लाल आली नव्हती.

आणि आता बन्सीलालच्या जुड्यांना काय, तर सुतळी! सुतळीवरून आईने काय ओळखायचं, कपाळ?

"अहो, ही भाजी ढोरं तरी खातीन का?" ती ओट्याकडे बघून ओरडली.

"वरनी चांगली शे ना? ती रांध," हिंमतराव सुपारी कातरत म्हणाले. वळूनसुद्धा बघितलं नाही.

तिने दात-ओठ खाल्ले. लगदा सुपात ओतला आणि तोंड फिरवून मागच्या गोठ्यात गेली. पांढऱ्या बैलाने सूप हुंगलं, फुर्रकन नाक उडवलं आणि मान वळवली. बैलाला कळतं, पण घरधन्याला कळत नाही! रागारागाने ती गव्हाण साफ करायला वाकली, आणि फळीच्या फटीत तिला काहीतरी अडकलेलं दिसलं.

लाळेने कडक झालेली चिंधी होती. तिने ती पदराने पुसली. लाल होती. काठावरची बारीक पिवळी बुट्टी तिने स्वतः निवडली होती, मीनाच्या दिवाळीच्या लुगड्यावरची.

ती तशीच बरबटलेल्या हातांनी ओट्यावर आली. चार माणसांदेखत ती ओट्यावर कधी येत नसे.

"ही चिंधी गव्हाणमा कशी गयी?"

हिंमतरावांनी निरखून पाहिलं. "हा, ती! तू मांगे बाहेर बसेल व्हती ना, तवय रेवा उनी व्हती. 'बाईलेच द्या' म्हणे. म्हटलं, आते आमले पेटी येस, तू येऊ नको. जुडी बैलले टाकी दिन्ही."

म्हणजे शिवायचं नाही म्हणून ती परसात बसली होती तेव्हा! तेव्हापासून किती पेट्या आल्या आणि नासल्या! आणि तिकडे पोर रोज वाटेकडे डोळे लावून बसली असेल. सासू टोमणे मारत असेल, माहेरचं कुत्रंही फिरकलं नाही म्हणून. धनुबाईला आता त्या माणसाकडे बघवेना, त्या निळ्या अक्षरांकडे तर नाहीच.

"गाडी जुंपा. कळसाडीले जावानं शे."

"बिनबोलावता? व्हयनं तरी काय?"

तिने चिंधी मुठीत घट्ट धरली. तीन महिने भरायचे होते, तोंडाने बोलायचं नव्हतं.

"पांढरा बैलच जुंपा," ती म्हणाली. "त्याले तुमना आगोदर कळेल शे."