डब्लिनमधली तिची जोडीदार

दर गुरुवारी सँडीफोर्डचं ऑफिस सुटलं की मी थेट बॅडमिंटनच्या हॉलवर जायचे. डबल्समधली माझी जोडीदार चिनी होती, माझ्यासारखीच चाळिशीतली. एके काळी ती चीनमध्ये सरकारी संघातून खेळायची. आता शाळेच्या गळक्या हॉलमध्ये, दिवसभर कीबोर्ड बडवून आलेल्या माझ्यासारख्या बाईबरोबर खेळत होती. मला त्याचा कोण अभिमान! इतकी वर्षं इथे काढून मैत्रीण म्हणावी अशी ती एकटीच मिळाली होती.

स्वतःबद्दल ती एकदाच बोलली, मॅचहून परतताना गाडीत. ती लहान असतानाच प्रशिक्षकाने तिला भिंतीशी उभी करून पाहिलं आणि म्हणाला, सिंगल्ससाठी बुटकी आहेस, डबल्स खेळ. मग एक जोडीदार दिली. दोघी एका खोलीत राहायच्या, एका ताटात जेवायच्या. मोठ्या स्पर्धेच्या ऐन तोंडावर एका सकाळी ही सरावाला गेली, तर जोडीदार दुसऱ्याच मुलीबरोबर खेळत होती. तिला आधी कोणी सांगितलंही नव्हतं. पदक त्या दोघींनी आणलं. हिचा पुढे गुडघा गेला आणि खेळ संपला. सांगताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. रडले ती मीच.

म्हणून यंदा लीगसाठी आमची जोडी फोडली हे कळल्यावर माझं डोकंच फिरलं. तिच्याबरोबर कॉलेजातली एक उंच आयरिश पोरगी, आणि मी राखीव!

नवरा म्हणाला, "अगं, क्लब लेव्हलला काय एवढं? लीव्ह इट ना. आणि तिचं वकीलपत्र तुला कोणी दिलंय?"

मी ऐकते होय! हॉलवर जाऊन क्लबच्या सेक्रेटरीबाईंना सगळ्यांदेखत सुनावलं. म्हटलं, तिच्या देशात तिच्यावर जो अन्याय झाला तोच तुम्ही पुन्हा करताय. ती बिचारी गप्प बसणार हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे.

बाई मोठ्या सभ्य. त्यांनी मला चहाच्या टेबलापाशी बाजूला नेलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुला सांगितलं नाही का तिने? ही नवी जोडी तिनेच मागून घेतली."

तोंडघशी पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. ती बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होती. माझं सगळं भाषण तिने ऐकलं होतं.

"खरं आहे हे?" मी विचारलं.

"हो. ती चांगली खेळते. मला एकदा तरी जिंकायचंय."

"मग मला आधी सांगायचंस ना! मी मैत्रीण ना तुझी?"

"आहेसच की," ती म्हणाली. माझ्या प्रश्नाचं तिला खरोखरच नवल वाटलेलं दिसलं. "दर गुरुवारी येत जा. आम्हा दोघींना सरावासाठी समोर कोणीतरी लागेल."

संतापाने माझे कान तापले. तोंडात आलेल्या शिव्या सगळ्या मराठी होत्या, आणि त्या कळणारं तिथे कोणी नव्हतं. घरी परत जाऊन तरी कोणाशी बोलणार होते? नवरा पुन्हा वकीलपत्राचंच विचारणार. मी रॅकेट काढली आणि जाळीच्या पलीकडे जाऊन उभी राहिले.