जांभळीच्या खाचरावरचं पाणी

बी.ए.ला तळ्याकाठच्या परदेशी कविता होत्या. तेव्हा वाटायचं, आपल्याकडे तशी तळी नाहीत, म्हणून तशा कविताही नाहीत. दोन्ही चूक. इगतपुरी तालुक्यात पाणीच पाणी आहे, आणि माझ्या आईला तिथलं भातलावणीचं, तिच्या भाषेत आवणीचं, एक गाणं यायचं. आता तिच्याकडे पहिली ओळ तेवढी उरलीय: ‘जांभळीच्या खाचरा, धर माझा पाय.’ हल्ली ती बरंच विसरते. एकलहऱ्याच्या आमच्या खोलीत भांडी घासता घासता एवढंच म्हणते, थांबते आणि मला विचारते, “पुढं काय गं?” पुढचं फक्त तिच्या थोरल्या बहिणीला, सखूमावशीला ठाऊक. ही एक ओळही जायच्या आत बाकीचं गाणं आणायचं ठरवलं आणि निघाले.

नाशिकच्या सीबीएसवरून घोटीची एसटी मिळते. घोटीतच पोटभर खाऊन घ्या, पुढे काही नाही. तिथून काळी-पिवळी जीप, भरल्याशिवाय हलत नाही. सगळं मिळून शंभरात भागतं. रस्ता खड्ड्यांचा, पण सप्टेंबरात डोंगर सोनकीच्या फुलांनी पिवळे असतात आणि एका वळणावर अचानक पाणी उघडतं, डोंगर उलटे पोटात घेऊन. हे धरण आहे, आईचं माहेर त्याच्या तळाशी आहे, हे मला माहीत होतं. तरी ते सुंदरच दिसलं. त्याचा राग आला.

मावशी माळावरच्या नव्या वस्तीत राहते. तिथे भात होत नाही, नागली होते. भाकरीवर सुकटीची चटणी वाढून ती म्हणाली, “आवणीचं गाणं घरात नाय म्हनत, बाय. ज्या खाचराचं कडवं, त्याच खाचरात उभं राहून.”

“नुसते शब्द सांग ना, मावशी. आईसाठी.”

“सुटे शब्द कुठं हायेत? पाय चिखलात रुतला का तोंडात यायचं.” मग माझ्या तोंडाकडे बघत उठली. “चल, बघू.”

काठावर तिनं लुगडं खोचलं आणि गुडघाभर पाण्यात जाऊन डोळे मिटले. ओठ हलायला लागले. मी काठावर उभी.

“आजी, जरा सरकता का? फोटोत येताय!” मागे नाशिकहून बाइकवर आलेली जोडी.

मावशीनं डोळे उघडले. “सरकते की. आख्खं गाव सरकलं, माझं काय!”

ती दोघं हसली. मावशीही हसली. मग पायानं तळ चाचपत राहिली. “हे पाटलाचं वावर. आपली जांभळ पार मधी, खोलात.” पुन्हा डोळे मिटले. बराच वेळ. “नाय येत, बाय. गेलं.”

जाणार असाल तर धरण भरलेलं असतानाच जा. फोटो तेव्हाच चांगले येतात. माझे कॅमेऱ्यात पडून आहेत, इथे टाकवत नाहीत.

घरी पोचले तेव्हा आई मोरीशी बसली होती. “आणलंस?”

“नाही गं. पाणी फार होतं.”

तिचा चेहरा उजळला. “मग औंदा भात चांगलं यील,” म्हणाली, आणि पुन्हा पहिली ओळ धरली.